मागाच्या लाकडातलं पालींचं घर

प्रिय मामाजी,

'तीर्थरूप' लिहायला हवं होतं, ठाऊक आहे मला. सून सासऱ्याला 'प्रिय' लिहीत नाही. पण लिहिलं. रागवायचं असेल तर रागवा!

आज सकाळी दोन्ही अंडी फुटली. तुमच्या शेवटच्या कार्डात तुम्ही विचारलं होतं, "पालीनं दोन अंडे देले. सालीले चिकटून हायेत. किती दिवसानं पिल्लू निंगते, कळवजो." ते कार्ड मी दोनदा वाचलं, कपड्यांच्या पेटीत टाकलं आणि उत्तर दिलं नाही. आज माझ्याजवळ उत्तर आहे. सत्तावन्न दिवस, मामाजी. तुमच्या कार्डावरच्या तारखेपासून मोजलेत मी. काडेपेटीतल्या काडीएवढी दोन पिल्लं आहेत, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. एक झाडाच्या सालीवर डोकं खाली करून बसलंय, अगदी आईसारखं. दुसरं कुठे दडलंय ते अजून सापडलेलं नाही.

तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. मास्तर, म्हणजे तुम्ही या विधवा सुनेचा ज्यांच्याशी पाट लावून दिलात ते, मला म्हणाले, "मग लिही ना त्यांना." म्हणून बसले लिहायला. पत्र कुठल्या पेटीत टाकणार, हे त्यांनीही विचारलं नाही.

पालींचा डबा घरात आला त्याच्या आधीचे चार महिने तुम्हाला आठवतात का? मला तर ते महिने म्हणजे एकच लांबलचक दुपार वाटते. तुमचा मधू गेला. हिंगण्याच्या कारखान्याची बस त्या दिवशी चुकली, पाळी गाठायची म्हणून तो सायकलने निघाला आणि वाटेत ट्रकने उडवलं. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. उरलो तुम्ही आणि मी. पाचपावलीतल्या त्या घरात आपण दोघं समोरासमोर जेवत होतो आणि बोलत नव्हतो.

भांडण नव्हतं काही. बोलायला काय काढावं तेच कळत नव्हतं. कोणतीही गोष्ट काढली की ती मधूपाशी जाऊन थांबायची. "मीठ?" "हाये." "पाणी?" "घेतो." एवढ्यावर दिवस जायचा. तुम्ही मागावर बसणं सोडलं होतं. आठवड्याला दोन लुगडी उतरवणारा माणूस नुसता ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचा. आई मला न्यायला उमरेडहून दोनदा येऊन गेली. कॉलेजात प्रयोगशाळेची नोकरी आहे, ती कशी सोडू, असं मी तिला सांगितलं. खरं सांगू? मी गेले तर तुम्ही चूल पेटवणार नाही, हे मला माहीत होतं. आणि मी उमरेडला गेले असते तर रात्रंदिवस सगळे माझ्याशी बोलत राहिले असते. तुमचं न बोलणं मला बरं वाटायचं, मामाजी.

मग तो शनिवार आला. आमच्या कॉलेजची मुलं रामटेकच्या डोंगरावर सहलीला गेली होती आणि झाडाच्या सालीमागे राहणाऱ्या पाली पकडून घेऊन आली. तीन होत्या. एक वाटेतच मेली. सर मला म्हणाले, "सोमवारी उरलेल्या दोन औषधात घाला, बाटलीवर चिठ्ठी लावा." माझं कामच होतं ते. आजवर बेडूक, साप, विंचू, कितीतरी जीव मी बाटल्यांत घातले होते. पण त्या दिवशी एकीने बरणीच्या काचेला पाय टेकवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला काही जमेना. कोणाचंच मरण आता माझ्या हातून होऊ नये असं वाटलं. सरांना विचारलं. ते म्हणाले, "घेऊन जा बाई, पण कोणाला सांगू नका." बिस्किटाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली आणि पाली घरी घेऊन आले.

तुम्ही ओट्यावर होतात. डब्यातून खडखड ऐकली.

"काय वं हे?"

"पाली आहेत, मामाजी. रामटेकच्या."

तुम्ही डब्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "आपल्या भिंतीवर चार हायेत. त्या कमी पडून राहिल्या होत्या का?"

मी हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले आणि हसता हसता रडायलाच लागले! तुम्ही उठलात, माझ्या हातातून डबा घेतलात आणि भोकाला डोळा लावलात.

"मरतीन ह्या इथं. पत्रा तापते."

"मग कशात ठेवू?"

"आपल्या रानात कशा राह्यतात, ते सांग मले."

मी सांगितलं. दिवसभर झाडाच्या सालीमागे चपट्या होऊन बसतात. दिवेलागणीला बाहेर येतात, खोडावर डोकं खाली करून बसतात आणि किडा जवळून गेला की झडप घालतात. वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात. तुम्ही मन लावून ऐकत होतात, गिऱ्हाईक नव्या काठाची नक्षी समजावून सांगतं तेव्हा ऐकायचात तसं. मध्येच विचारलंत, "उभ्या राह्यतात का आडव्या?" मी म्हटलं, उभ्या खोडावर. "मंग पेटी उभी पाहिजे," तुम्ही म्हणालात आणि ओट्यावर जाऊन बसलात. मला वाटलं, झालं, संपलं बोलणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकीने मला जाग आली.

आपल्या घरात दोन माग होते. खिडकीजवळचा तुमचा, भिंतीकडचा मधूचा. चौदाव्या वर्षी मधू त्यावर बसला आणि कारखान्यात लागला त्या दिवशी उठला. नंतर त्यावर कोणी बसलं नाही, पण दर दसऱ्याला तुम्ही त्याला हळदकुंकू लावायचात. मी धावत आले तर तुम्ही त्याच मागाच्या खुंट्या काढत होतात.

"हे काय करता मामाजी? त्यांचा माग मोडता?"

तुम्ही हातोडी खाली ठेवली नाहीत. "सागवान हाये. माह्या बापानं आणलं होतं. याच्याहून चांगलं लाकूड कोठी भेटन?"

"दुसरं आणू आपण. लाकडाच्या वखारीतून आणू."

"शालू," तुम्ही म्हणालात. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण तुमच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "तो आता याच्यावर बसनार नाई. मी रोज पाहून राहिलो याच्याकडं. रोज. आता पाहू नाई वाटत."

मी तिथेच खाली बसले. मग दुसरी बाजू धरली. खुंट्या आपण दोघांनी मिळून काढल्या.

आणि मग ते घर उभं राहायला लागलं! तुमचा तो उत्साह आठवला की मला आजही हसू येतं. माझ्या कमरेएवढं उंच, तीन बाजूंना काच, पुढे दार, वर जाळीचं झाकण. इतवारीतल्या काचवाल्याने विचारलं, "काका, मासे ठेवता का?" तुम्ही शांतपणे सांगितलंत, "नाई गा. पाली." त्याने माझ्याकडे बघितलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय का, असं. मी मान हलवून सांगितलं, माझंही फिरलंय.

खाली काय घालायचं यावर आपलं पहिलं भांडण झालं. तुम्हाला सरळ बागेतली माती भरायची होती. मी म्हटलं, पाणी साचेल, मुळं कुजतील, वास येईल. आधी विटांचे तुकडे, त्यावर कोळसा, त्यावर रेती आणि मग चाळलेली माती, पालापाचोळ्याचं खत मिसळून. "एवढं तं पालीच्या लग्नाले लागते," तुम्ही पुटपुटलात. पण चाळणी हातात घेऊन दोन दुपारी माती चाळत बसलात. तुमच्या बोटांना बारीक कामाची भूक लागली होती, मामाजी. सुताची गाठ मारायची सवय असलेली बोटं ती, किती महिने रिकामी होती!

पण त्या सालीच्या दिवसासाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

मी कॉलेजातून आले तर दाराला कुलूप. शेजारच्या काशीबाईंना विचारलं, त्यांनाही पत्ता नव्हता. तीन वाजले, चार वाजले, पाच वाजले. तुम्ही कधी एकटे कुठे जात नव्हतात. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही. एकदा असंच दाराशी वाट बघत उभी राहिले होते मी, तुम्हाला माहीत होतं ना? मग काहून गेलात न सांगता? दिवे लागायच्या सुमाराला तुम्ही कोपऱ्यावर दिसलात. खांद्यावर ऐनाच्या झाडाची हातभर रुंद साल, धोतराला चिखल. एसटीने रामटेकला जाऊन आला होतात! पडलेलं झाड शोधत दिवसभर डोंगर हिंडला होतात. का, तर ज्या झाडावरून पाली आणल्या त्याच जातीच्या झाडाची साल पाहिजे.

मी रस्त्यावरच ओरडले, "सांगून जाता येत नाही? काही झालं असतं म्हणजे?" सासऱ्यावर ओरडणारी सून अख्ख्या वस्तीने पाहिली. तुम्ही साल खांद्यावरून उतरवली आणि इतकंच म्हणालात, "भूक लागली, पोरी."

त्या दिवशी तुम्ही चार भाकरी खाल्ल्यात. मी मोजत होते.

झाकणाची जाळी मात्र तुम्ही विकत आणू दिली नाहीत. "विणकराच्या घरात जाळी बाहेरून?" म्हणालात आणि स्वतःच्या मागावर जाऊन बसलात. मी स्वयंपाकघरात होते. धोट्याचा आवाज आला, खट-खट, खट-खट, आणि पोळी तव्यावर करपली. सुताची जाळी टिकणार नाही, पालींना खायला सोडलेले रातकिडे ती कुरतडतील, हे मला पक्कं माहीत होतं. बोलले नाही. तुम्ही मागावर बसला होतात, त्यात मी काय बोलू?

अर्थात पाचव्या दिवशी जाळीला भोक पडलं आणि एक पाल पसार झाली. दोन दिवस आपण कपाटं हलवून शोधत होतो. शेवटी ती काशीबाईंच्या देव्हाऱ्यामागे सापडली, आणि मग काय विचारता!

"घरातून एक गेला, अजून काय पाह्याचं राह्यलं हाये तुमाले?" त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "पाल पाळतात का कोणी? जवान विधवा घरात, अन तुमी अवदसा आणून ठेवता!"

मी आत होते. सगळं ऐकत होते. पाल आणणारी मीच, आणि वस्तीत आधीच बायका माझ्याबद्दल काय बोलायच्या तेही ठाऊक होतं. पांढऱ्या पायाची. तुम्ही काय बोलता याची वाट बघत मी भिंतीला टेकून उभी होते.

"काशीबाई," तुम्ही म्हणालात, "माह्या पोराले ट्रकनं मारलं. पालीनं नाई मारलं, अन माह्या सुनेनं बी नाई मारलं. हे आज बोललो, पुन्ना नाई बोलणार."

ते वाक्य मी कितीदा मनात म्हटलं आहे, मामाजी. तुम्हाला ते कधीतरी सांगायला हवं होतं, नाही का?

नंतर लोखंडी जाळी बसवली, दुधाच्या कपाटाला असते तसली. सालीवरून मनीप्लांट चढला. कोपऱ्यात नेचा लावला, तो दोनदा मेला, तिसऱ्यांदा धरला. पाणी शिंपायला तुम्ही सुताला खळ लावायचा जुना कुंचा काढलात. तो पाण्यात बुडवून झटकला की पानांवर इतके बारीक थेंब बसायचे की कुठल्याही पंपाने बसणार नाहीत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पाल हळूच पुढे यायची, जीभ काढून थेंब टिपायची, आणि तुम्ही मला हाक मारायचात, "शालू, ये वं, पिऊन राहिली!" भाजी चुलीवर सोडून मी धावायचे. रोज तेच, आणि रोज नवीन!

उन्हाळ्यात आपलं नागपूर तापलं तेव्हा तुम्ही पेटीच्या दोन बाजूंना वाळ्याच्या ताट्या बांधल्यात आणि तासातासाला भिजवायला लागलात. स्वतःच्या खाटेजवळ एक लावा म्हटलं तर म्हणे, "मले काय होते? मी नागपूरचा हाये, ह्या थंड्या हवेच्या हायेत." त्या वाळ्याच्या वासात बसून तुम्ही मला मधूच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायला लागलात. त्याने सुताच्या कांड्या विहिरीत टाकल्या होत्या, ते. शाळा बुडवून महाराजबागेत वाघ बघायला गेला होता, ते. बोलता बोलता एकदा तुम्ही थांबलात आणि मला विचारलंत, "तुले तो काय म्हने?" मी सांगितलं. तेवढं मी दुसऱ्या कोणाला कधी सांगितलेलं नाही.

तेव्हा मला वाटायचं, आता असंच राहील. मी नोकरी करीन, तुम्ही पालींना पाणी घालाल, आणि आयुष्य जाईल. वाईट नव्हतं ते, मामाजी. खरंच नव्हतं.

मग दिवाळीनंतर भंडाऱ्याचे एक मास्तर पाली बघायला आले. शाळेत विज्ञान शिकवतात, मुलांसाठी अशी पेटी करायची आहे, असं तुम्ही मला सांगितलंत. मी बिचारी दोन तास त्यांना विटा, कोळसा, रेती समजावत बसले! ते जमिनीवर मांडी घालून बसले होते, वहीत आकृती काढत होते. चांगले प्रश्न विचारले त्यांनी. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "कसा वाटला?"

"कोण?"

"मास्तर. त्याची बायको तीन वर्षांआधी वारली. आपल्यात पाट लागते, पोरी. लाजायचं काई काम नाई."

मी काय काय बोलले! "मी जड झाले का तुम्हाला? मला घरातून काढता?" तुम्ही मान खाली घालून कुंचा धुवत होतात. "काढत नाई वं," एवढंच म्हणालात. कारण सांगितलं नाहीत. मी विचारलं, मी गेल्यावर तुमचं कोण करेल? तर म्हणे, "ह्या दोघी हायेत ना." पालींकडे बोट दाखवून! त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला, इतका राग आला की मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. पुन्हा तेच, "मीठ?" "हाये."

आई तुमच्याच बाजूची निघाली. माघात साधेपणाने पाट लागला. कॉलेजची नोकरी सुटली, ती मला आवडत होती. एसटी स्टँडवर तुम्ही पिशवीत संत्री दिलीत. मी तुमच्या पाया पडले, पण तुमच्या तोंडाकडे पाहिलं नाही. शेवटचं तेच, आणि ते मी पाहिलं नाही.

तुम्ही कार्डं पाठवायला लागलात. दर पंधरा दिवसांनी, वाकड्यातिकड्या अक्षरात. "नेच्याले नवं पान आलं." "मोठीनं कात टाकली अन खाल्ली. खाते का?" "इकडं बरं हाये." पहिल्या दोन कार्डांना मी चार ओळींचं उत्तर दिलं. मग तेही नाही. वाटायचं, मला घालवून दिलंत ना? बसा आता पालींशी बोलत. किती कोती झाले होते मी! इथे भंडाऱ्यात मास्तर चांगले वागत होते, कशाला म्हणून आग्रह करत नव्हते, पण मी पाहुण्यासारखी राहत होते. पेटीतले कपडे कपाटात लावले नव्हते. रोज पेटी उघडायची, एक लुगडं काढायचं, पेटी बंद करायची.

वैशाखात तार आली. आम्ही पोचलो तेव्हा वस्तीतल्या माणसांनी तुम्हाला ओट्यावर ठेवलं होतं.

मी रडत रडत आत गेले आणि सवयीने पेटीकडे बघितलं. पानांवर पाणी होतं. ताजे थेंब. मला काही कळेना. तेवढ्यात काशीबाई मागून आल्या, हातात कुंचा.

"मीच शिंपडलं," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून शिंपडलं. त्यानं सांगून ठेवलं होतं, मी पडलो तं तू पाह्यजो म्हून."

"पडलो तर? म्हणजे?"

मग त्यांनी मला बाजूला बसवून सांगितलं. मी गेले त्याच्या आधीच, पावसाळ्यात, तुम्ही कामठीच्या डॉक्टरकडे जाऊन आला होतात. छातीत सुताची धूळ बसली आहे, फुप्फुस उरलं नाही, वर्ष काढलं तर पुष्कळ, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. मी घरात असले की तुम्ही काशीबाईंच्या घरी जाऊन खोकायचात. मी ओळखू नये म्हणून! आणि काशीबाईंनी "सुनेले सांग ना गा" म्हटलं तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "एकाच घरात दोन मरणं पोरीनं काहून पाह्याची?"

मामाजी, हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? मी गेले नसते म्हणूनच ना? नसतेच गेले! तुमच्या खाटेजवळ ताटी बांधली असती, तासातासाला भिजवली असती. तुमचा खोकला ऐकला असता. तेवढा माझा हक्क नव्हता का? तुम्ही ठरवून टाकलंत मला काय झेपेल ते. आणि तुमचं चुकलं असंही मला धड म्हणता येत नाही, यानेच जीव जातो.

तेरावं झाल्यावर मास्तर म्हणाले, "पेटी नेऊ आपण." मी म्हटलं, अंडी आहेत. सालीला चिकटलेली आहेत, पालीचं अंडं उलटंपालटं झालं की आतला जीव मरतो. एसटीत कशी न्यायची? त्यांनी पेटी बसच्या टपावर बांधली. दोन्ही पाली भोकाच्या डब्यात माझ्या मांडीवर. आणि ती साल त्यांनी दोन्ही हातांत उभी धरली, होती तशीच, आणि नागपूर ते भंडारा धरून बसले. वाटेत गर्दी चढली, एका बाईचं गाठोडं त्यांच्या खांद्यावर आलं, घाम डोळ्यांत गेला. हात हलला नाही. मौद्याला मी म्हटलं, "द्या, मी धरते थोडा वेळ." ते म्हणाले, "नको. हात बदलताना हलेल."

त्यांच्या कपाळाचा घाम मी पदराने पुसला. भर बसमध्ये. चार महिन्यांत मी त्यांना आपणहून लावलेला तो पहिला हात.

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी पाणी शिंपडते. माझ्या हाताला तुमच्यासारखे बारीक थेंब पडत नाहीत, मोठे पडतात. पण पाली पितात. शाळेतली मुलं सुट्टी असूनही बघायला येतात, आणि मास्तर त्यांना विटा-कोळसा-रेती समजावतात, एका शब्दाचीही चूक न करता. मी दारामागे उभी राहून ऐकते. कधी कधी वाटतं, आत्ता तुम्ही हाक माराल. मी वळूनसुद्धा बघते, मामाजी. रोज. कोणी नसतं.

आज पिल्लं निघाली तेव्हा मी तुम्हालाच हाक मारली. "मामाजी, या ना, निघाली!" तोंडून निघून गेलं. मास्तर ओसरीवरून आले, माझ्याकडे बघितलं, आणि शेजारी बसले. बराच वेळ आम्ही दोघं बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "ते असते तर काय म्हणाले असते?" आणि मी सांगायला लागले. सांगतच राहिले. तुमच्याबद्दल, मग मधूबद्दलही. इथे आल्यापासून मी त्याचं नाव काढलं नव्हतं. आज काढलं, आणि या घरात काही मोडलं नाही.

तुम्ही मला इथे पाठवलंत, मामाजी, आणि मी इथे आलेच नव्हते. माझं सामान आलं होतं, मी तिकडेच होते, तुमच्यावर रागावून.

आता येते. हे पत्र पुरं केलं की पेटीतले कपडे कपाटात लावते. इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञानाची बाई हवी आहे, तिथे उद्या अर्ज देते. आणि मास्तरांना मी अजून कधी जेवायला हाक मारलेली नाही, नुसतं ताट वाढून ठेवते. आज हाक मारीन. तुम्हाला वचन देते.

पोचले असं समजा.

तुमची पोर,
शालू